कॅमकॉर्डर घ्यावा की फोनवरच भागवावं? (दोन-दोन तासांचं सलग शूटिंग असतं)

पडद्यामागचा

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे. मला अभिनय येत नाही (असं बाकीच्यांचं मत), त्यामुळे सामान उचलणं आणि शूटिंग ही दोन खाती माझ्याकडे. आजवर सगळे प्रयोग फोनवरच शूट केले आणि दर वेळी काही ना काही घोळ झाला. मागच्या प्रयोगात नायिका पत्र फाडते तो प्रसंग, अख्खं नाटक ज्याच्यावर उभं आहे तो, नेमका तिथेच फोन म्हणाला स्टोरेज भरलं. मी अंधारात बसून जुने फोटो उडवतोय आणि तिकडे पत्राचे तुकडे होऊन रंगमंचभर पसरले. त्याच्या आधीच्या वेळी मधेच कुणाचा तरी कॉल आला, रेकॉर्डिंग थांबलं ते मला कळलंच नाही, घरी येऊन बघतो तर दीड तासाच्या नाटकाची अकरा मिनिटं.

गरजा अशा: शेवटच्या रांगेतून शूट करायचंय, म्हणजे रंगमंच साधारण २० मीटर लांब. सलग दोन तास. आवाज कळण्याइतपत नीट. एडिटिंग मीच करतो, लॅपटॉप म्हातारा आहे. शिवाय सुट्टीच्या दिवशी मुलाच्या फुटबॉलच्या मॅचेस. सिनेमा काढायचा नाहीये, ग्रुपच्या लोकांना आपली चूक कुठे झाली ते बघता आलं पाहिजे बस. कॅमकॉर्डर अजून घेतं का कुणी? फायदे-तोटे वापरलेल्यांनी सांगा.

मिररलेसवाला

नका घेऊ. साध्या कॅमकॉर्डरचा सेन्सर (आतली प्रकाश टिपणारी चिप) करंगळीच्या नखाहून लहान असतो हो. १/२.५ इंची म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद, आणि एपीएस-सी मापाच्या मिररलेसचा (लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा) साडेतेवीस मिलिमीटर. प्रकाश गोळा करायच्या बाबतीत तुलनाच नाही. नाटकात अर्धा वेळ अंधारच असतो, तिथे कॅमकॉर्डर गेन वाढवत जाणार, म्हणजे कमी उजेडाचं चित्र ओढूनताणून उजळणार आणि काळ्या पडद्यावर मुंग्या धावताना दिसणार. आता तर चांगल्या फोनचा मुख्य सेन्सरसुद्धा १/१.३ इंची येतो, क्षेत्रफळ काढलं तर त्या कॅमकॉर्डरच्या जवळजवळ तिप्पट. ही जातच संपत चाललीय, नवीन मॉडेलं बोटावर मोजण्याइतकी.

कॅसेटकाकू

मिररलेसवाले, सेन्सरचं सगळं मान्य, पण तुम्ही त्यांचा प्रश्न वाचलात का? त्यांना सुंदर चित्र नकोय, दोन तास न थांबता चित्र हवंय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी कॅसेटच्या काळापासून ही यंत्रं हाताळतेय. १९८३ मध्ये सोनीचा बीटामूव्ही आला तो नुसता रेकॉर्ड करायचा, केलेलं बघायची सोयच नव्हती त्यात, कॅसेट काढून घरच्या व्हीसीआरमध्ये घालायची. खांद्यावर घ्यायचं धूड ते. तिथून तळहातावर मावणाऱ्यापर्यंत आकार बदलला, टेप जाऊन कार्ड आलं, पण घाट तोच राहिला. पट्ट्यात हात घातला की अंगठ्याखाली रेकॉर्डचं बटण आणि पहिल्या दोन बोटांखाली झूमची पट्टी. हे फक्त व्हिडिओसाठी बनवलेलं यंत्र आहे. फोटो काढणाऱ्या यंत्राला व्हिडिओ शिकवला तर त्याच्या खोडी कुठेतरी राहतातच. कितीतरी फोटो कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर आपोआप थांबायचे ते आठवतंय का? युरोपात अर्ध्या तासाहून जास्त सलग रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त आयात शुल्क लागायचं म्हणून कंपन्यांनी घातलेला लगाम होता तो. आता बऱ्याच नव्या मॉडेलांत तो नाही, पण जुना घ्यायला गेलात तर आधी विचारा. आणि लगाम नसला तरी काही मिररलेस ४के मध्ये (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र) तापून बंद पडतात. माझा कॅमकॉर्डर अडीच तास चालू असतो, अंग कोमट होतं, एवढंच.

बॅटरी बाहेरून लागते म्हणून मोठी लावता येते, स्क्रीनवर किती मिनिटं उरली ते दिसतं, आणि बहुतेकांना अडॅप्टर लावून भिंतीच्या विजेवर बसवता येतं. नाटकाला हेच करा. फक्त वायर पायात येणार नाही अशी चिकटवा, एकदा एका काकांनी माझा ट्रायपॉडसकट कॅमेरा ओढत नेलाय.

झूमवेडा

काकूंना अनुमोदन. आता झूमचं मी बोलतो कारण आयडीच तसा आहे.

फोनमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या लेन्स असतात, एकीवरून दुसरीवर गेलं की चित्र टुणकन उडी मारतं, रंगही किंचित बदलतो. दोन्हीच्या मधलं सगळं कापून मोठं केलेलं. कॅमकॉर्डरमध्ये एकच लेन्स, रुंद ते लांब अखंड सरकते. आणि ती पट्टी हलकी दाबली तर झूम मुंगीच्या पावलाने जातं, जोरात दाबली तर झपकन. नायिका पत्र वाचतेय तेव्हा पूर्ण रंगमंचावरून तिच्या हातापर्यंत वीस सेकंदांत सरकत जायचं, हे फोनच्या काचेवर बोट फिरवून करून दाखवा मला. मिररलेसला पॉवर झूमच्या लेन्स मिळतात पण मोजक्याच, आणि एवढा पल्ला एका लेन्समध्ये नाही.

सोनीच्या एएक्स५३ कॅमकॉर्डरची लेन्स २६.८ मिमीला सुरू होते आणि २० पट, म्हणजे पार ५३६ मिमीपर्यंत (फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या फोटो कॅमेऱ्याच्या हिशोबात; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ). २० मीटरवरून चेहरा आणि खांदे फ्रेमभर येतील. कॅनन जी७० ला पण २० पट, पॅनासॉनिक व्ही७७० ला पण २० पटच. ह्याच्या आसपास जे मिळेल ते तुम्हाला पुरे.

पण एक खड्डा सांगतो, मी स्वतः पडलोय त्यात. ऑनलाईन ‘४के कॅमकॉर्डर’ म्हणून एकदम स्वस्त घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरात १६एक्स. सोबत माईक, दिवा, रिमोट, वाइड लेन्स, पिशवी, इतकं सामान की बाकी काही बघायचं सुचलंच नाही. घरी आल्यावर कळलं १६एक्स म्हणजे डिजिटल (चित्र नुसतं कापून मोठं करणं), ऑप्टिकल (लेन्सने खरोखर जवळ आणणं) शून्य! लेन्स हलतच नाही, फोकससुद्धा फिक्स. ४के पण आतून छोटं चित्र ताणून केलेलं. फोनपेक्षा वाईट. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तसेच डबे दहा नावांनी मिळतात. त्यामुळे ‘ऑप्टिकल’ हा शब्द दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि डिजिटलचा आकडा कितीही मोठा असला तरी तो वाचायचाच नाही.

डावखुरी

मधेच बोलते. हा पट्टा फक्त उजव्या हातासाठीच का असतो? स्क्रीनही डावीकडेच उघडतो. डावखुऱ्यांनी शूटिंग करूच नये अशी योजना दिसते.

कॅसेटकाकू

डावखुरी, हा तोटा खरा आहे आणि त्यावर इलाज मलाही माहीत नाही. ट्रायपॉडवर लावला की हँडल डावीकडे फिरवून घेता येतं, तेवढंच.

मिररलेसवाला

बरं, झूमचं मान्य. पण झूमवेड्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. ह्या लेन्सचं तोंड झूम करताना बारीक होत जातं. एफ/२ ला सुरू झालेली लेन्स पार टोकाला एफ/३.८ होते, म्हणजे प्रकाश जवळजवळ चौपटीने कमी. आधीच सेन्सर चिमुकला, त्यात हे. नायिकेच्या हातातलं पत्र दिसेल पण पत्रावर मुंग्या असतील.

झूमवेडा

हो, ते आहे. म्हणून पूर्ण झूम करायचंच नाही अंधारात, निम्म्यावर थांबायचं. शक्य असेल तर शेवटची रांग सोडून मधे बसायचं, पुढच्या चार रांगा कमी केल्या तर सगळ्यात मोठा फायदा तोच.

उजेडवाला

मी रंगमंचावर लाईट करतो त्यामुळे समोर बसलेल्या शूटिंगवाल्यांचे हाल रोज बघतो. खरं सांगू का, नाटकाचं शूटिंग बिघडतं ते सेन्सरपायी कमी आणि ऑटोपायी जास्त. रंगमंच ८० टक्के काळा आणि मधे एकावर स्पॉट. कॅमेरा सरासरी काढतो, त्याला वाटतं फार अंधार आहे, मग तो उजेड वाढवत नेतो, परिणाम काय तर काळा पडदा करडा दिसतो आणि नटाचा चेहरा चुना फासल्यासारखा, नाक-डोळे गायब. आम्ही दोन तास खपून केलेली प्रकाशयोजना एका झटक्यात पाण्यात.

म्हणून कॅमकॉर्डर घेताना एक्सपोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) हाताने लॉक करता येतं का ते आधी बघा. काहींत स्पॉटलाईट नावाचा मोड असतो, तो पण चालतो. माझी पद्धत अशी, रंगीत तालमीला कॅमेरा घेऊन यायचं, सगळ्यात प्रखर प्रसंग आला की स्पॉटमधल्या चेहऱ्यावर एक्सपोजर बसवायचं, गालावरची चमक जळणार नाही इतपत, आणि मग तिथून हलवायचं नाही. मंद प्रसंग मंदच दिसले पाहिजेत, ते मंद म्हणूनच बसवलेले असतात ना. व्हाइट बॅलन्सही (पांढरं कशाला म्हणायचं ते) ऑटोवर ठेवू नका. मी निळी रात्र केली तर कॅमेरा ती पांढरी करायला बघतो, लाल केलं तर त्यात निळं ओततो, आणि हे सगळं प्रसंग चालू असताना हळूहळू सरकत राहतं, बघताना पोटात ढवळतं.

तिसरं फोकस. दोन प्रसंगांमध्ये पूर्ण काळोख होतो तेव्हा ऑटोफोकसला धरायला काहीच उरत नाही, तो मागे-पुढे चाचपडत बसतो, दिवे लागले की पहिली दोन-तीन सेकंदं सगळं धूसर. नाटक लांबून शूट करताना अंतर फारसं बदलतच नाही, पूर्ण झूम करून रंगमंचाच्या मध्यावर फोकस धरा, मॅन्युअल करा आणि सोडून द्या. ह्यातलं जवळजवळ काहीही फोनच्या साध्या कॅमेरा ॲपमध्ये नीट करता येत नाही, वेगळं ॲप लागतं.

आणि शटर (प्रत्येक चित्र किती सेकंदांत टिपायचं ते)! जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०. नाहीतर काही दिवे चित्रात लुकलुकतात. वापरलेला किंवा दुसऱ्या देशातून आणलेला कॅमकॉर्डर घेत असाल तर तो ५०चा आहे की ६०चा हे विचारा, बऱ्याच घरगुती मॉडेलांत ते कारखान्यातूनच ठरलेलं असतं, बदलता येत नाही.

पडद्यामागचा

बापरे, उजेडवाले, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतो. आवाजाचं कुणी सांगेल का? फोनमध्ये संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात.

रॉफुटेज

आवाजात कॅमकॉर्डर फोनपेक्षा फार उजवा असतो ह्या भ्रमात राहू नका. अंगातला माईक कॅमेऱ्याजवळचं ऐकतो. मी एका प्रयोगाला शेवटून दुसऱ्या रांगेत होतो, आख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या आजोबांचा खोकला नायकाच्या संवादांपेक्षा खणखणीत आलाय. खोक्यावर ५.१ सराउंड लिहिलं असेल तर खोकला चारी बाजूंनी येतो, एवढाच फरक.

दुसरं दुखणं म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वरखाली होणं. रंगमंचावर शांतता पसरली की कॅमेरा कान ताणतो, पंख्याची घरघर वर येते, मग टाळ्या पडल्या की एकदम दबतो आणि पुढची दोन वाक्यं दबलेलीच जातात. पातळी हाताने ठेवता येणारं मॉडेल मिळालं तर उत्तम. आणि माईकची ३.५ मिमीची खाच हवीच हवी, सगळ्यात खालच्या मॉडेलांत ती नसते आणि ते नंतर कळतं. हेडफोनची खाच असेल तर सोन्याहून पिवळं.

सगळ्यात सोपं, एक छोटा वेगळा रेकॉर्डर रंगमंचाच्या कडेला ठेवायचा. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, एडिटिंगमध्ये टाळीला टाळी जुळवायची. दोन तासांत दोन्ही यंत्रांची घड्याळं थोडी इकडेतिकडे होतात, शेवटी ओठ आणि शब्द काही फ्रेमांनी चुकतात, म्हणून मध्यंतरानंतर पुन्हा एक टाळी. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्यायचा मोह होईल तर थेट माईकच्या खाचेत खुपसू नका, तो सिग्नल माईकच्या मानाने फार तगडा असतो, सगळं फाटून येतं.

आता फायली. लॅपटॉप म्हातारा म्हणालात ना, मग ४के विसरा. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) ४के शूट केलं तर तासाला ४५ जीबी, ६४ जीबीचं कार्ड पहिल्या अंकानंतर थोड्याच वेळात भरणार, वर यू३ दर्जाचं (जास्त वेगाने लिहिणारं) कार्ड लागतं. फुल एचडीत एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरांची फाईल साठवायची एक पद्धत) २८ एमबीपीएसने तासाला १३ जीबीच्या आत बसतं. नायिकेने पत्र कुठल्या हाताने फाडलं हे बघायला तेवढं पुष्कळ. फक्त ‘आय’ नको, ‘पी’ घ्या, म्हणजे ५०आय ऐवजी ५०पी. आयमध्ये एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, फुटबॉल शूट केलात आणि कॉम्प्युटरवर मधेच थांबवून बघितलात तर पोराच्या पायाला कंगव्याचे दात फुटलेले दिसतात.

आणि हे एव्हीसीएचडीवालं प्रकरण वापरलं तर कार्डातून एकेक एमटीएस फाईल उचलून आणू नका. लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात, मॉडेलप्रमाणे २ किंवा ४ जीबीला एक. एडिटरमध्ये नुसते एकापुढे एक ठेवले तर सांध्यावर आवाजात बारीकशी खाच पडते, आणि ती मर्फीच्या नियमाने गाण्याच्या समेवरच असते. आख्खं फोल्डर आहे तसं कॉपी करा आणि कॅमेऱ्यासोबतच्या सॉफ्टवेअरने जोडून घ्या. मी हे शिकेपर्यंत तीन कार्यक्रमांना खाचा पाडून बसलो होतो.

मिररलेसवाला

एवढं सगळं वाचून मी थोडा नरम आलोय. मी स्वतः लग्नं, मुलाखती असलं करतो, तिथे मागचं धूसर हवं असतं, ते कॅमकॉर्डरला कधीच जमणार नाही. पण हातात धरून लांबचं शूट करायचं असेल तर त्या एएक्स५३ मधली स्थिरता मी मित्राकडे बघितलीय, आतला लेन्स आणि सेन्सरचा आख्खा संच डोळ्याच्या बुबुळासारखा तरंगत असतो, बाहेरून काचेत बघितलं तर हलताना दिसतो! मुलाच्या मॅचला ट्रायपॉड नाही नेला तरी चालेल. नाटकाला मात्र ट्रायपॉडवर लावल्यावर स्टॅबिलायझर बंद करा, नाहीतर सावकाश पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) चित्र आधी अडतं आणि मग झोल खाऊन पुढे जातं.

झूमवेडा

मिररलेसवाले नरम आले, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय :)

मैदानावर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं. व्ह्यूफाइंडर असलेलं मॉडेल घ्या, आता फार थोड्यांत उरलाय.

कॅसेटकाकू

वापरलेला घेणार असाल तर समोर बसून एवढं तपासा. झूम ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा न्या, मधे कुठे अडखळतं किंवा करकरतं का. लेन्स झाकून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा, कायमचे पांढरे-लाल ठिपके असले तर सेन्सर थकलाय. स्क्रीन उघडून सगळ्या बाजूंनी फिरवा, बिजागरीतली पट्टी तुटत आली असेल तर एका कोनात चित्र जातं. बॅटरी टेबलावर ठेवून बघा, डुगडुगली तर फुगलेली आहे. माईकच्या खाचेत स्वतःचा माईक लावून ऐका.

टेपवाला मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मिनीडीव्हीची एक तासाची टेप कॉम्प्युटरवर आणायला एक तासच लागतो, तीही फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीने, आणि ती खाच असलेले कॉम्प्युटर आता शोधावे लागतात. जुन्या टेपा घरात पडल्या असतील त्यांनी उतरवून घेण्यापुरता ठेवावा. (माझ्याकडे दोन खोकी आहेत. उतरवेन एक दिवस.)

पडद्यामागचा

मंडळी, घेतला! उशिरा लिहितोय पण आभार मानल्याशिवाय राहवेना. वापरलेला, २० पट ऑप्टिकल, व्ह्यूफाइंडर आहे, माईक आणि हेडफोन दोन्ही खाचा आहेत. काकूंची यादी हातात धरून तपासला, विकणारा शेवटी वैतागला होता.

परवा पहिला प्रयोग झाला. अडॅप्टर लावून दोन तास सात मिनिटं सलग, एकही खंड नाही. एक्सपोजर उजेडवाल्यांच्या पद्धतीने तालमीला बसवून ठेवलं होतं, काळा पडदा खरंच काळा आलाय. पत्राच्या प्रसंगाला सावकाश झूम केलं, हात थोडा थरथरला पण तुकडे पडताना दिसतात, आणि त्यावरून आमच्यात भांडणही झालं कारण दिग्दर्शक म्हणतो ती घाई करतेय आणि ती म्हणते कॅमेऱ्यात तसं दिसतं. मंद प्रसंगांत मुंग्या आहेत, मिररलेसवाले बरोबर होते. रेकॉर्डर कडेला ठेवला होता, आवाज छान, फक्त मध्यंतरानंतरची टाळी विसरलो त्यामुळे दुसऱ्या अंकाच्या शेवटी ओठ आधी हलतात.

एकच तक्रार. रेकॉर्डिंग चालू असताना पुढे लाल दिवा लागतो, नट म्हणतात अंधारात तोच डोळ्यावर येतो, आणि मागच्यांना माझ्या स्क्रीनचा उजेड. तो दिवा बंद कसा करायचा?

रॉफुटेज

स्क्रीन मिटून व्ह्यूफाइंडरमधून बघा, पण मिटल्यावर रेकॉर्डिंग चालू राहतं का ते घरी एकदा करून बघा. दिव्यासाठी मेनूत आरईसी लॅम्प नावाचं काहीतरी असेल, ते ऑफ करा. बहुतेक मॉडेलांत असतं.

पडद्यामागचा

मेनू तीनदा खालून वर बघितला, सापडत नाहीये.

उजेडवाला

काळी चिकटपट्टी.

पडद्यामागचा

लावली.

डावखुरी

पट्ट्याचं राहिलंच.